केस न मोजता!

सकाळची घाई. शाळेची व्हॅन दारात पों पों करतेय आणि नेमकी वीज गेली! खणात काळे आणि पांढरे मोजे, सगळे एकमेकांत मिसळलेले. अंधारात रंग कळेना. सांग बरं, किती मोजे उचललेस तर एक जोडी नक्की जमेल?

दहा? वीस? छे, फक्त तीन!

अरे, रंग दोनच ना? पहिला मोजा काळा निघाला, दुसरा पांढरा निघाला. मग तिसरा जाईल कुठे? तो दोघांपैकी एकाचा जोडीदार असणारच! (पीटीला पांढरीच जोडी हवी असेल, तर मात्र आईकडे बॅटरी माग.)

आता हीच युक्ती घेऊन मुंबईला जाऊ या. डोक्यावर अगदी सारखे केस असलेली दोन माणसं तिथे सापडतील? सारखे म्हणजे मोजून सारखे, एकही कमी-जास्त नाही!

दोन? अरे, पंचवीस आहेत! आणि कुणाचाही केस मोजायचा नाही!

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. आपण सढळ हाताने पाच लाखांपर्यंत धरू. आता मनात एक लांबच लांब लोकल आण. पहिला डबा शून्य केसवाल्यांचा, म्हणजे टक्कलवाल्या आजोबांचा. दुसरा एका केसवाल्यांचा. मग दोन, तीन, चार... असे पाच लाख एक डबे!

2011च्या जनगणनेत मुंबईत 1 कोटी 24 लाखांहून जास्त माणसं होती. प्रत्येक डब्यात 24 जण बसवले, तरी 1 कोटी 20 लाख आणि वर 24, एवढेच मावतात. उरलेले चार लाखांवर लोक कुठे जाणार? कुठल्या तरी डब्यात पंचविसावा शिरणारच!

ते पंचवीस जण कोण? ठाऊक नाही. दादरचे की कांदिवलीचे? तेही नाही. तरी ते आहेत, शंभर टक्के! मला तर हीच गंमत सगळ्यात आवडते. नुसता विचार करून अशी पक्की खात्री पटवणं, याला गणितात सिद्धता म्हणतात. आणि केसांची ही गोष्ट जाँ लरशों नावाच्या फ्रेंच धर्मगुरूंनी 1622 सालीच लिहून ठेवली होती!

संगणक शिकणारे ताई-दादा कॉलेजात हेच शिकतात. तिथे याचं नाव कबुतरखान्याचं तत्त्व! कप्पे कमी आणि कबुतरं जास्त, की एका कप्प्यात निदान दोन कबुतरं येणारच.

तुला वाटतं ना, संगणक कुठलीही फाईल दाबून लहान करू शकेल? मग वही काढ. संगणक सगळं 0 आणि 1 मध्येच लिहितो. तीन आकडी चिठ्ठ्या किती होतात? 000, 001, 010... मोज, आठ! त्याहून छोट्या किती? दोन आकडी चार, एक आकडी दोन आणि एक अगदी कोरी. सात!

प्रत्येक चिठ्ठीला स्वतःची वेगळी छोटी चिठ्ठी हवी, नाहीतर परत उलगडताना कुठली कोणती ते कळणार नाही. म्हणजे आठ चिठ्ठ्या, सात खुर्च्या. संगीत खुर्ची सुरू! कितीही हुशार संगणक आण, एक चिठ्ठी उभीच राहणार, म्हणजे लहान होणारच नाही!