निरवानिरवीचा कागद

‘निरवानिरव’ हा मराठी घरांतला जुना शब्द आहे. काशीयात्रेस निघणारा गृहस्थ किल्ल्या कोणाच्या हवालीं, देणेंघेणें कोणाकडे, गोठ्यांतली गाय कोणी पाहावयाची, हें सारें सांगून मगच उंबरठा ओलांडी. ज्या प्रवासाहून परत येणें नाहीं आणि ज्याची तिथि कोणास ठाऊक नाहीं, त्याविषयीं मात्र तोच गृहस्थ अवाक्षर काढीत नसे. मृत्युपत्र केलें कीं मृत्यु जवळ येतो, ही समजूत सुशिक्षित घरांतूनहि अद्याप गेलेली नाहीं. वास्तविक या कागदाचा उपयोग मागें राहणाऱ्यांना जगण्यासाठीं होतो.

‘मृत्युपत्र नसलें तरी सर्व पत्नीलाच मिळणार,’ हा दुसरा समज. कायदा तसें म्हणत नाहीं. हिंदु, बौद्ध, जैन व शीख यांना लागू असलेल्या १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें, मृत्युपत्रावांचून निवर्तलेल्या पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतींत पत्नी, आई आणि प्रत्येक मुलगा व मुलगी यांचा वांटा सारखा असतो. समजा, पुण्यांत सदनिका घेतलेला चाळिशीचा गृहस्थ अपघातानें गेला. मागें पत्नी, आई व दोन लहान मुलें. प्रत्येकास चौथाई मिळाली, म्हणजे अर्धें घर अज्ञान मुलांचें झालें. अज्ञानाची स्थावर मिळकत विकावयाची तर जन्मदात्या आईलाहि न्यायालयाची परवानगी काढावी लागते. तें घर विकून माहेरच्या गांवीं लहानसें घर घ्यावें असें त्या बाईच्या मनांत आलें, तरी निर्णय तिच्या एकटीच्या हातीं राहत नाहीं.

स्त्रियांच्या मिळकतीची स्थिति याहून विलक्षण आहे. अपत्य नसलेल्या विधवेनें नोकरी करून स्वतः घेतलेलें घर, मृत्युपत्र नसल्यास, पतीच्या वारसांकडे जातें. तिच्या स्वतःच्या आईबापांचा क्रम त्यांच्यानंतर लागतो. लेकीच्या आधारानें राहणारी वृद्ध आई लेकीमागें तिच्या दिरांच्या मर्जीवर राहते. एका कागदानें हें टळतें.

बँकेंत किंवा विमापत्रावर वारसाचें नांव लावलें, आतां आणखी काय हवें, असेंहि पुष्कळांस वाटतें. परंतु नामनिर्देशित व्यक्ति ही सामान्यतः रक्कम हातांत घेणारी विश्वस्त असते, मालकी वारसांची. सर्वोच्च न्यायालयानें १९८३ मध्यें विम्याविषयीं आणि २०२३ मध्यें कंपन्यांच्या भागांविषयीं हें स्पष्ट केलें आहे. विम्यापुरता मात्र पतिपत्नी, आईबाप व मुलें यांच्या बाबतींत २०१५ सालीं फरक झाला.

कागद करावयाचा तर प्रकृति धड असतांना करावा. पुण्याचे सरदार बाबामहाराज ऑगस्ट १८९७ मध्यें पटकीनें वारले; त्यांचें मृत्युपत्र त्याच दिवशीं झालें. लोकमान्य टिळकांसारखे विश्वस्त त्यांत नेमलेले होते. तरीहि दत्तकाच्या प्रश्नावरून १९०१ सालीं विधवा ताईमहाराज व विश्वस्त यांच्यांत वाद पेटला. तो दिवाणी आणि फौजदारी कोर्टांतून फिरत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९१५ सालीं तेथें विश्वस्तांच्या बाजूनें निकाल लागला. लेखी कागद आणि समर्थ विश्वस्त असतां ही गत! अखेरच्या घटकेस लिहिलेल्या कागदामागील हेतु घरच्या माणसांना समजावून सांगण्यास अवकाश उरत नाहीं.

कृति अवघड नाहीं. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणें कोणत्याहि सज्ञान व शहाण्या मनुष्यास मृत्युपत्र करतां येतें. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाहीं. नोंदणी ऐच्छिक असली तरी इष्ट आहे. करणाऱ्यानें सही करावी व किमान दोन साक्षीदारांनीं त्याच्या समक्ष आपापल्या सह्या कराव्या. ज्यांस कांहीं मिळावयाचें त्यांना साक्षीदार घेऊं नये. साक्षीदार वयानें लहान असलेले बरे. घर, ठेवी, दागिने व कर्जें यांची यादी, वांटप पार पाडणाऱ्या व्यवस्थापकाचें नांव, आणि आईबाप दोघेंहि न राहिल्यास मुलें कोणी सांभाळावीं, हें त्यांत असावें. मत पालटलें तर नवें मृत्युपत्र करतां येतें. शेवटचें तें खरें. मुस्लिम कायद्यानें वारसांच्या संमतीवांचून एक तृतीयांशाहून अधिक मिळकत अशी देतां येत नाहीं, आणि गोव्यांत निकटच्या वारसांचा अर्धा हिस्सा राखीव असतो; म्हणून वकिलाचा सल्ला घ्यावा.

कागद केला, पण कोठें ठेवला हें कोणासच माहीत नाहीं, असेंहि घडतें. दहा वर्षें ज्यांना कोणी हात लावला नाहीं अशा बँकांतील ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधींत जमा होतात. वारसांना त्या नंतरहि मागतां येतात, परंतु त्या आहेत हें आधीं ठाऊक असावें लागतें. कपाटाची किल्ली कोठें आहे हें ज्या माणसास सांगून गृहस्थ बाजारांत जातो, त्याच माणसास हा कागद कोठें आहे हेंहि सांगून ठेवावें.