चिंकाराचं दशक

देवराष्ट्रेच्या जीपच्या बदल्यात बोलेरो मिळाली तेव्हा महाराष्ट्राने टाळ्या वाजवल्या. सांगली जिल्ह्यातल्या या गावी एका कारागिराने भंगारातल्या भागांतून किक मारून सुरू होणारी चारचाकी उभी केली होती. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं. ती नियमांत बसत नाही, आज ना उद्या ती अडवली जाईल, हेही सांगितलं. महिनाभरात नवी बोलेरो आली, हातची गाडी गेली. घरी गाडी बांधू पाहणाऱ्यांना या बातमीने आनंदापेक्षा चटकाच दिला.

ब्रिटनमध्ये या छंदाला करानेच बळ दिलं. 1957 साली आलेली लोटस सेव्हन सुट्या भागांत घेतली, की तयार गाडीवरचा खरेदीकर वाचायचा. 1973 मध्ये व्हॅट आला, ती सवलत संपली, पण सेव्हन कॅटरहॅमच्या नावाने चालू राहिली. आपल्याकडे त्या काळात फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. स्पोर्ट्स कार बांधण्याचा विचार कुणाच्या डोक्यात येणार?

तो आला 2000 नंतर. अलिबागजवळ कार्लेखिंडीत गिडो बोथे यांच्या चिंकारा मोटर्सने सेव्हनच्या घाटाची रोडस्टर बनवली. अंग फायबरचं, बसायला दोघांपुरती जागा आणि लांब बॉनेटखाली अँबॅसिडरमधलं इसुझूचं 1.8 लिटरचं पेट्रोल इंजिन. टॅक्सीच्या मेकॅनिकलाही ठाऊक असलेलं! त्या दशकात हौशी माणसाला पहिल्यांदाच वाटलं, की हे आपल्या आवाक्यातलं आहे. 2014 मध्ये अँबॅसिडरचं उत्पादन थांबलं आणि हा सोपा आधारही गेला.

निवड करायची तर आजही सेव्हनच. चौकोनी पाइपांची चौकट, बरेचसे सरळ पत्रे, थोडं वजन. रॉन चॅम्पियन यांच्या 1996 च्या पुस्तकातून जगभरच्या हौशींनी अशी चौकट जोडली, तीही जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग वापरून. परभणीजवळच्या पेडगावच्या पंचक्रोशीत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणाऱ्याला चौकोनी पाइप कापून काटकोनात टाका मारणं शिकवावं लागत नाही. याउलट जुन्या स्विफ्टवर लॅम्बोर्गिनीचा मुखवटा चढवण्याचं जे खूळ मधल्या काळात माजलं, त्याने या छंदाचं वाटोळं केलं. बाहेरून लॅम्बोर्गिनी, आत इंजिन पुढेच आणि ब्रेक स्विफ्टचेच. गाडी बांधणं म्हणजे हे नव्हे.

पण चौकट कितीही नेटकी असो, परभणीच्या आरटीओत तिला एमएच-22 ची पाटी मिळणं दुरापास्तच. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की वाहनाच्या मूळ उत्पादकाने नोंदवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल चालणार नाहीत. रस्त्यावरच्या सुरक्षेसाठी ते योग्यच. मात्र कोरी गाडी बांधणाऱ्यापुढे उरतो तो केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 126, आणि तो कारखानदारांच्या नमुना-चाचणीसाठी लिहिलेला आहे. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली एकच गाडीही निरीक्षकापुढे नेता येते. दिवे, ब्रेक, धूर, पट्टे तपासले जातात आणि पास झाली की नोंदणीचा रस्ता खुला होतो.

पुण्यातली एआरएआय आणि सीआयआरटी, नगरची व्हीआरडीई, नियमात नाव असलेल्या या तिन्ही चाचणी संस्था महाराष्ट्रातच आहेत. रस्ते वाहतूक खातं 2014 पासून नागपूरच्या नितीन गडकरींकडे आहे. त्यांनी एकेका गाडीच्या तपासणीची सोय याच संस्थांमध्ये, परवडेल अशा शुल्कात सुरू करावी.