उकळत्या झऱ्यातील यजमान आणि पाहुणे

गरम पाण्याच्या झऱ्याला कोकणात 'उन्हाळे' म्हणतात. अशा झऱ्याच्या काठी बसून लोक आनंदाने स्नान करतात. परंतु अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानात असे काही झरे आहेत की, त्यांत बोट बुडविण्याचाही विचार कोणी करू नये. त्यांचे पाणी उकळण्याच्या बेतात असते. शिवाय गंधकाम्ल मिसळल्यामुळे ते लिंबाच्या रसाइतके आंबट झालेले असते.

अशा पाण्यात कोण बरे राहत असेल? थॉमस ब्रॉक या शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या दशकात या झऱ्यांचा कसून अभ्यास केला, तेव्हा तेथे सूक्ष्म जीव सुखाने नांदत असल्याचे आढळून आले. त्यांपैकी एका जीवाला १९७२ साली 'सल्फोलोबस' हे नाव देण्यात आले. गंधक हे त्याचे अन्न आणि ८० अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता ही त्याची आवडती हवा! पाणी कोमट झाले की त्याची वाढच खुंटते.

प्रथम हे जीव म्हणजे एक प्रकारचे जीवाणूच होत, असे सर्वांना वाटले. परंतु १९७७ साली कार्ल वूस व जॉर्ज फॉक्स यांनी दाखवून दिले की, जीवाणूंसारखे दिसणारे काही जीव वस्तुतः एका वेगळ्याच कुळातील आहेत. या कुळाला 'आर्किया' म्हणतात; आपण त्यांना आदिजीवाणू म्हणू. सल्फोलोबस याच कुळातला. या कुळातील काही जीव मिठागरांत, काही दलदलीत, तर काही चक्क गाईच्या पोटात राहतात.

जेथे जीव, तेथे विषाणू हे आलेच. विषाणू स्वतः खात नाही, वाढत नाही. दुसऱ्या जीवाच्या पेशीत शिरावे, तेथील सामग्री वापरावी आणि आपल्यासारखे अनेक विषाणू तयार करवून घ्यावेत, हा त्याचा उद्योग. त्या बिचाऱ्या पेशीला शास्त्रज्ञ 'यजमान' म्हणतात. आदिजीवाणूंच्या विषाणूंचा शोध जर्मन शास्त्रज्ञ वोल्फ्राम झिलिग यांनी मोठ्या चिकाटीने घेतला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जे आकार दिसले, ते अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळतात: कोणी लिंबासारखा, कोणी काडीसारखा, तर कोणी बाटलीसारखा! इटलीतील पोत्सुओली येथील झऱ्यात सापडलेल्या एका विषाणूची करामत तर २००५ साली प्रसिद्ध झाली. यजमानाच्या बाहेर पडताना तो नुसता लिंबासारखा असतो. मग बाहेरच्या कढत पाण्यात त्याच्या दोन्ही टोकांना शेपट्या फुटतात. पेशीबाहेर विषाणू केवळ निश्चल पडून राहतो, ही समजूत त्याने खोटी ठरविली.

सगळेच पाहुणे यजमानाच्या जिवावर उठत नाहीत. जपानमधील बेप्पू येथील झऱ्यातल्या एका आदिजीवाणूत असाच एक लिंबाच्या आकाराचा विषाणू राहतो. तो आपला डीएनए यजमानाच्या डीएनएमध्ये गुंफून ठेवतो. पेशीचे दोन भाग झाले की दोन्हींत तो आपोआप जातो. यजमानावर अतिनील किरण पडले की विषाणू झपाट्याने वाढू लागतात व बाहेर पडतात. तरीही यजमान सहसा मरत नाही. याचे कारण काय असावे? उकळत्या आम्लात उघड्यावर राहण्यापेक्षा यजमानाच्या घरात राहणे अधिक सुरक्षित, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. मला तो पटण्यासारखा वाटतो.

आइसलँडमधील काडीसारखा विषाणू मात्र इतका सौम्य नाही. त्याची लांबी सुमारे ९०० नॅनोमीटर, म्हणजे जवळजवळ यजमानाच्या व्यासाइतकी असते. यजमानाच्या अंगावर बारीक तंतू असतात. त्यांच्या टोकांना चिकटून तो पेशीपर्यंत पोहोचतो आणि थोड्याच वेळात आपला डीएनए आत घालतो. पुढे यजमानाचा स्वतःचा डीएनए नष्ट होऊ लागतो व पेशीत नव्या विषाणूंच्या जुड्या साठतात. आता त्यांनी बाहेर कसे पडावे? त्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावर लहान लहान पिरॅमिड उभे राहतात! इजिप्तमधील पिरॅमिडला चार बाजू असतात, याला सात. विषाणूच्याच एका प्रथिनापासून ते घडलेले असतात. सुमारे दहा तासांनी त्यांच्या बाजू फुलाच्या पाकळ्यांप्रमाणे बाहेर उमलतात व त्या दारांतून विषाणू निघून जातात. मागे उरते ते भोके पडलेले रिकामे टरफल. २००९ साली हे पिरॅमिड ओळखले गेले, तेव्हा जाणकारही चकित झाले.

मग यजमान हा मार निमूटपणे सोसतो काय? मुळीच नाही. स्पेनमधील सांता पोला येथे समुद्रकाठी मिठागरे आहेत. तेथील एका आदिजीवाणूच्या डीएनएमध्ये एकच मजकूर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतो, असे फ्रान्सिस्को मोहिका या तरुण संशोधकाला आढळले. ही गोष्ट १९९३ सालची. त्या मजकुरांच्या मधले तुकडे मात्र निरनिराळे होते. ते कशासाठी? उत्तर हाती येण्यास बारा वर्षे लागली. त्यांतील कित्येक तुकडे विषाणूंच्या डीएनएशी जुळतात, असे त्यांनी २००५ साली जाहीर केले. एखाद्या सावध घरमालकाने चोरांच्या खुणा वहीत टिपून ठेवाव्यात, तसाच हा प्रकार! तोच विषाणू पुन्हा आला की पेशी त्या खुणेची नक्कल काढते, ती पडताळून पाहते आणि खूण जुळताच विषाणूचा डीएनए कापून टाकते. ही वही पुढच्या पिढ्यांनाही वारशाने मिळते. तिचे नाव 'क्रिस्पर'. जीवाणूंच्या अंगीही अशी युक्ती असते. तिच्यापासून डीएनए कापण्याचे साधन तयार केल्याबद्दल एमान्युएल शार्पांतिये व जेनिफर डाउडना यांना २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु काडीसारख्या विषाणूंनीही या वहीवर तोड काढली आहे. ते एक असे प्रथिन तयार करतात की, त्यामुळे यजमानाची ही कात्री अडून बसते. ते प्रथिन २०१८ साली सापडले.