चिखलातली शिडी

जुलैतला रविवार. सकाळचे पावणेसात. वाकोला पुलाजवळ पावसाचा मारा असा की हायवेवरच्या गाड्यांचे दिवेसुद्धा धुरकट दिसताहेत. एक पोरगा किट बॅग खांद्याला लावून सांताक्रूझ स्टेशनकडे निघालाय. बॅगेवर प्लास्टिक गुंडाळलंय, तो स्वतः चिंब.

‘‘अरे, एवढ्या पावसात कसली मॅच?’’ टपरीवाले काका विचारतात.

‘‘कांगा आहे काका. पावसातच असते!’’

जगभर पाऊस आला की क्रिकेट थांबतं. मुंबईत पाऊस आला की कांगा लीग सुरू होते. 1948 पासूनची ही रीत. नाव डॉ. होरमसजी कांगा यांचं. पेशानं डॉक्टर असलेले हे पारशी फलंदाज 1911 मध्ये इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघात होते. कल्पना विजय मर्चंट यांची. मर्चंट 1936 आणि 1946 असे दोन इंग्लंड दौरे करून आलेले, तिथल्या ओल्या खेळपट्ट्या त्यांनी भोगलेल्या. मुंबईकडे तर चार महिने फुकटचं पाणी. मग ते वाया का घालवायचं?

खरी गंमत खेळपट्टीत आहे. ती झाकत नाहीत. ती पुरती भिजलेली असते तेव्हा खेळणं तसं सोपं: चेंडू रुततो, हळू येतो. पण तासाभराचं ऊन पडलं की वरची माती सुकून पापडासारखी होते, खाली मात्र चिखल तसाच. आता चेंडू त्या पापडाला फोडतो, टवका उडतो, आणि एकाच टप्प्यावरचा एक चेंडू छातीशी येतो तर दुसरा घोट्याशी. आधीच बॅट पुढे घातली की झेल गेलाच म्हणून समजा. थांबायचं, अगदी शेवटच्या क्षणी खेळायचं, हात सैल सोडायचे. बाहेर गवत घोट्याएवढं, जमिनीवरून मारलेला फटका मध्येच अडकतो, म्हणून चौकार हवा तर उचलून मारा. गोलंदाज रनअपवर लाकडाचा भुसा टाकून धावतो आणि दर चेंडूला रुमालानं चेंडू पुसतो. इथल्या साठ-सत्तर धावांचं मोल एरवीच्या दोनशेंएवढं.

या चिखलात एक शिडीही आहे. ‘ए’ ते ‘जी’, सात डिव्हिजन. वर राहिलेले क्लब पुढच्या वर्षी एक पायरी चढतात, तळाचे घसरतात. अमेरिकेतल्या मायनर लीग बेसबॉलची शिडी नेमकी उलटी आहे. तिथे चार पायऱ्यांवर 120 संघ, पण संघ आपापल्या पायरीवरच राहतात. चढतो तो खेळाडू, एकटा. प्लेऑफ तोंडावर आलेला असताना वरून बोलावणं येतं आणि संघाचा सर्वांत भारी पिचर बॅग भरून निघून जातो. गाव टाळ्या वाजवतं आणि मनात हळहळतं. कांगात क्लब चढतो, आणि त्याच्याबरोबर पस्तिशीतला विकेटकीपरही. दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांच्यातली चुरस पिढ्यान् पिढ्या टिकली ती म्हणूनच: गावसकर एकीकडे, वाडेकर दुसरीकडे. तेच दोघे 1971 च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर भारताचा इंग्लंडमधला पहिला कसोटी विजय मिळवणाऱ्या संघात होते. आणि 1984 मध्ये जॉन ब्राइट क्लबकडून कांगा खेळायला उतरला तो अकरा वर्षांचा सचिन.

कांगाला प्लेऑफ नाही, फायनल नाही. गुणांची बेरीज, बस. म्हणून शेवटचा रविवार सगळ्यांचाच फायनल असतो, आणि तो एकाच मैदानावर होत नाही. मुंबईचा पाऊस भारी लहरी. दादरला कोसळतो तेव्हा चर्चगेटला ऊन असतं. तुम्ही आझाद मैदानावर जिंकलात तरी तुमची पायरी ठरणार ती शिवाजी पार्कवर तुमच्या प्रतिस्पर्ध्याची मॅच झाली की वाहून गेली यावर.

संध्याकाळी चर्चगेटहून सुटलेल्या लोकलमध्ये तो वाकोल्याचा पोरगा दारात उभा आहे. मोज्यांत चिखल, मांडीवर लाल डाग. आज ते जिंकलेत. पण तो कुणाला फोन लावून धावा विचारत नाही, विकेट विचारत नाही.

‘‘काय रे,’’ तो विचारतो, ‘‘तिकडे पडला का?’’