घट धरून मांडलेला हिशेब

12 मे 1833 रोजी अमेरिकेतील बॉस्टन बंदरातून ‘टस्कनी’ नावाचे जहाज कलकत्त्यास निघाले. जहाजात 180 टन बर्फ भरलेला होता. मॅसॅच्युसेट्स राज्यातील गोठलेल्या तळ्यांतून कापून काढलेला हा बर्फ विषुववृत्त दोनदा ओलांडून चार महिन्यांनी कलकत्त्यास पोहोचला, तेव्हा त्यातील सुमारे 100 टन शिल्लक होता. या मालाचा धनी फ्रेडरिक ट्यूडर हा एकेकाळी कर्जापायी तुरुंगात जाऊन आलेला व्यापारी. वाटेत बर्फ वितळणार हे धरूनच त्याने माल भरला होता. उरलेल्या मालावर त्याने धंदा उभा केला. पुढे मुंबईतही बॉस्टनचा बर्फ येऊ लागला आणि तो ठेवण्यासाठी बर्फघर बांधले गेले.

आज या मार्गावरील वर्दळीची दिशा उलटी झाली आहे. 2023-24 या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत 3,31,602 भारतीय विद्यार्थी शिकत होते. त्यांतील निम्म्याहून अधिक पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे होते. बॉस्टन आणि नदीपलीकडचे केंब्रिज ही जोडशहरे या विद्यार्थ्यांची मोठी वस्ती. पुणे, सांगली, सोलापूर, जळगाव येथील पेठांतून गेलेली मुले-मुलीही त्यांत आहेत.

व्यापारी घरात घट धरल्याशिवाय मालाचा भाव काढला जात नाही. हळद वाळते, गुळाला पाणी सुटते, उधारीतील काही रक्कम बुडते, हे लहानपणीच कानावर पडलेले असते. मुलांच्या परदेशी शिक्षणाचा हिशेब मात्र पुष्कळ घरांत घट न धरता मांडला जातो. शुल्क, राहण्याचा खर्च आणि पुढे मिळेल असा अंदाज असलेला पगार, एवढ्या तीन आकड्यांवर घर किंवा दुकान तारण जाते. मधल्या दोन वर्षांचे दिवस कसे जातात, हे त्या कागदावर कोठेच नसते.

पहिली सप्टेंबर

बॉस्टनमधील बहुसंख्य भाडेकरार 1 सप्टेंबरला सुरू होतात आणि आदल्या दिवशी संपतात. त्यामुळे त्या एका दिवशी हजारो विद्यार्थी एकाच वेळी घर बदलतात. ऑलस्टन, मिशन हिल या वस्त्यांतील पदपथांवर टेबले, खुर्च्या, दिवे, गाद्या यांचे ढीग लागतात. जाणाऱ्यांनी टाकलेल्या या वस्तू येणारे उचलून नेतात. गादीला हात लावू नये, तीत ढेकूण असतात, हा सल्ला नवख्यांना पहिल्याच दिवशी मिळतो.

स्वतःच्या घरात वेगळी खोली असलेले मूल येथे तिघाचौघांत राहू लागते. घर घेतानाच पहिल्या महिन्याचे भाडे, शेवटच्या महिन्याचे भाडे आणि अनामत अशी रक्कम एकदम मोजावी लागते. 1 ऑगस्ट 2025 पर्यंत त्यात बहुधा दलालाच्या शुल्काची भर पडे. आता ज्याने दलाल नेमला त्यानेच ते द्यावे, असा त्या राज्याचा कायदा झाला आहे. विद्यार्थ्यांना आरोग्य विमाही त्या राज्यात सक्तीचा आहे. हे सारे खर्च पहिल्या काही आठवड्यांतच येतात आणि बरोबर नेलेले डॉलर अपेक्षेपेक्षा लवकर संपतात.

स्वयंपाकघर सामाईक असते. कांदा-लसूण न खाणाऱ्या घरातील मुलाला भांडी कोणाची, तवा कोणता, शीतकपाटातील कोणता कप्पा आपला, हे पहिल्याच आठवड्यात सहनिवासींशी स्पष्ट बोलून ठरवावे लागते. जी मुले हे संकोच न करता बोलतात, त्यांचे दिवस सुखाने जातात. जी गप्प बसतात, ती महिनाभर खाकरे आणि दुधावर काढतात आणि घरी सांगत नाहीत. बॉस्टनजवळ नॉरवूड येथे जैन केंद्र आहे, न्यू इंग्लंड मराठी मंडळही आहे. अशा ठिकाणी एकदा जाऊन ओळख करून ठेवणे चांगले, कारण आजारपणात धावून येणारे माणूस बहुधा अशाच ओळखीतून मिळते.

गल्ल्यावरची सवय

व्यापारी घरातील मुलांसाठी एक धोका विशेष आहे. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यास सत्र चालू असताना आठवड्यास 20 तासांपर्यंत, तेही विद्यापीठाच्या आवारातच, काम करता येते. ग्रंथालयाचे टेबल, भोजनगृह, प्राध्यापकांना साहाय्य, अशी ती कामे असतात. आवाराबाहेर काम करायचे तर रीतसर परवानगी लागते.

दूरच्या नात्यातील किंवा गावाकडच्या ओळखीच्या एखाद्याचे तेथे दुकान असते. “शनिवार-रविवार येऊन बस, रोख देतो,” असे तो आपुलकीने म्हणतो. लहानपणापासून सुट्टीत गल्ल्यावर बसलेल्या मुलाला त्यात वावगे काहीच वाटत नाही. घरच्यांनाही ते कष्टाळूपणाचे लक्षण वाटते. परंतु त्या देशाच्या नियमांत हा व्हिसाचा भंग ठरतो आणि त्यातून संपूर्ण शिक्षण धोक्यात येऊ शकते. चार पैसे मिळवण्यासाठी चाळीस लाखांचे शिक्षण पणाला लावू नये, ही गोष्ट मुलाला निघण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनीच सांगावयास हवी.

फुरसतीचे मोल

डिसेंबरमध्ये बॉस्टनला दुपारी सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. वर्गातून बाहेर पडावे तो अंधार. ज्यांनी कधी हिवाळा पाहिलेला नाही, त्या मुलांना थंडीपेक्षा हा अंधार अधिक जड जातो. अशा वेळी फुरसत म्हणजे उधळपट्टी, ही समजूत मुलांना खोलीत कोंडून टाकते.

वास्तविक या शहरात थोडक्या पैशांत पुष्कळ पाहता येते. कोपली चौकातील सार्वजनिक ग्रंथालयाच्या मुख्य दारावर ‘सर्वांसाठी विनामूल्य’ या अर्थाचे शब्द दगडात कोरलेले आहेत आणि ते अक्षरशः पाळले जातात. त्याचे उंच छताचे वाचनालय पुष्कळ विद्यार्थ्यांचे दुसरे घर असते. हार्वर्डची कलासंग्रहालये 2023 पासून सर्वांना विनाशुल्क खुली आहेत. चार्ल्स नदीच्या काठाने मैलोन्‌मैल चालता येते. शहरातून सुमारे चार किलोमीटर एक तांबडी रेघ ओढलेली आहे. तिच्या मागोमाग चालत गेले की अमेरिकी स्वातंत्र्यलढ्याच्या 16 जागा पाहून होतात. 1773 च्या डिसेंबरात ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या 342 पेट्या ज्या पाण्यात फेकल्या गेल्या, ते बंदरही जवळच आहे. कराच्या प्रश्नावरून राज्य कसे हादरते, हे पेठेत वाढलेल्या मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही.

आठवड्यातून एक अर्धा दिवस असा बाहेर घालवणारा विद्यार्थी आळशी नसतो. सहा दिवसांचा अभ्यास त्या अर्ध्या दिवसाने तग धरतो. पालकांनी फोनवर गुणांबरोबरच “या आठवड्यात कोठे फिरून आलास?” हेही विचारावे.

पडद्यावरचे घर

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी 10 मार्च 1876 रोजी दूरध्वनीवरून पहिले समजण्याजोगे वाक्य उच्चारले, ते याच बॉस्टनमध्ये. रे टॉमलिन्सन यांनी 1971 मध्ये संगणकाच्या जाळ्यावरून पहिला ई-मेल पाठवला, तो केंब्रिजमध्ये. ज्या शहरांनी जगाला दूर राहून बोलण्याची साधने दिली, तेथेच राहून आज ही मुले घराशी बोलतात. एकेकाळी परदेशी गेलेल्यांची खुशाली निळ्या पत्रातून पंधरा दिवसांनी कळे आणि ट्रंक कॉलसाठी रात्र जागावी लागे. आता दुकान वाढवून रात्री नऊला घरी आले की पडद्यावर मूल दिसते. तेथे तेव्हा हिवाळ्यात सकाळचे साडेदहा वाजलेले असतात.

परंतु पडद्यावर खोलीचा एकच कोपरा दिसतो, आणि मूल नेमका आवरलेला कोपरा दाखवते. “सगळं ठीक आहे,” असे ते म्हणते. इकडूनही “सगळं ठीक आहे,” असेच उत्तर जाते. मुलाचा एक विषय राहिलेला असतो, इकडे वडिलांचा रक्तदाब वाढलेला असतो. दोघेही एकमेकांना काळजी नको म्हणून लपवतात, आणि रोज बोलूनही खरी बातमी निळ्या पत्रापेक्षा उशिराच पोहोचते.

तंत्रज्ञानाने नोकरीची वाटही बदलली आहे. नव्याने पदवी घेतलेल्यांकडे पूर्वी जी प्राथमिक कामे सोपवली जात, त्यांतील काही आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने करू लागली आहेत. अर्ज एका कळीसरशी जातात, म्हणून एकेका जागेसाठी शेकडो येतात. त्यामुळे ‘शेकडो अर्ज करूनही उत्तर नाही’ याचा अर्थ मूल नालायक आहे असा होत नाही, हे घरच्यांनी ओळखावे.

बँकेच्या दोन व्यावहारिक गोष्टीही येथे नोंदवाव्यात. मूल शिक्षणासाठी परदेशी गेले की त्याचे येथील साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. आणि ज्या क्रमांकावर बँकेचा ओटीपी येतो, ते सिमकार्ड परदेशात चालू राहील अशी व्यवस्था निघण्यापूर्वीच करावी.

जगाच्या बातम्या, घरच्या बातम्या

अशा शहरात वर्गातील प्रत्येक बाकावर एक वेगळा देश बसलेला असतो. इराण, युक्रेन, चीन, नायजेरिया येथील घडामोडी वृत्तपत्रात वाचणे वेगळे आणि शेजारच्या मित्राला रात्री घरून फोन लागत नाही हे पाहणे वेगळे. मे 2025 मधील भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत भारतीय मुलेही अशीच फोन हातात घेऊन जागली. तशीच त्यांच्या वर्गातील पाकिस्तानी मुलेही. हे शिक्षण कोणत्याही प्रमाणपत्रावर छापले जात नाही, पण ते आयुष्यभर पुरते.

त्याच महिन्यात हार्वर्ड विद्यापीठाचा परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याचा अधिकार अमेरिकी सरकारने काढून घेतला. न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणेही काही आठवडे थांबले होते. सप्टेंबर 2025 मध्ये देशाबाहेरून येणाऱ्या नव्या एच-1बी अर्जांवर 1,00,000 डॉलरची आकारणी जाहीर झाली. एच-1बीच्या जागा वर्षाला 85,000 आणि त्यासाठी इच्छुक कितीतरी अधिक. शिक्षणानंतर कामाची परवानगी साधारणपणे 12 महिन्यांची असते, विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना आणखी 24 महिने मिळतात. परंतु पहिल्या 12 महिन्यांत एकूण 90 दिवसांहून अधिक काळ बेकार राहता येत नाही. हे नव्वद दिवस मोजताना मुलाची झोप उडते, आणि बहुधा हीच गोष्ट तो घरी सांगत नाही.

खातेवहीतील घट

आता आकडे पाहू. समजा, 40 लाखांचे कर्ज 10 टक्के व्याजाने काढले. ते दोन वर्षांत चार समान हप्त्यांनी उचलले आणि अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने फेड सुरू झाली. तोवर सरळ व्याजच सुमारे 9 लाख होते. ते मुद्दलात मिळवून 49 लाख दहा वर्षांत फेडायचे तर मासिक हप्ता सुमारे 65,000 रुपये येतो. दरम्यानचे व्याज घरच्यांनी वेळच्या वेळी भरले, तर हप्ता सुमारे 53,000 रुपयांवर राहतो. ज्या घराला हे व्याज भरणे झेपत नाही, त्या घराने 40 लाखांचे कर्ज काढण्यापूर्वी पुन्हा विचार करावा. नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांवरील कर्जास बहुधा तारण लागते आणि आई किंवा वडील सहकर्जदार असतात. म्हणजे मुलाला नोकरी लागली नाही, तरी हप्ता थांबत नाही. जुन्या करप्रणालीत फेडलेल्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत प्राप्तिकरात वजावट मिळते, मुद्दलावर नाही.

दुसरी घट रुपयाची. ऑगस्ट 2024 मध्ये डॉलर सुमारे 84 रुपयांना होता, डिसेंबर 2025 मध्ये तो 90 च्या घरात गेला. 15,000 डॉलरचा एक शुल्कहप्ता 12 लाख 60 हजारांचा होता, तो साडेतेरा लाखांचा झाला. एका हप्त्यात 90,000 रुपयांची तूट पडली, आणि तीत मुलाची काहीच चूक नाही.

तिसरी घट कोणी लिहीत नाही. शिक्षण पूर्ण होऊनही नोकरी न मिळता मूल परत आले, तर कर्ज येथील पगारातून आणि दुकानाच्या उत्पन्नातून फेडता येईल का? या प्रश्नाला होकार असेल तर जावे, निर्धास्त जावे. नकार असेल तर रक्कम कमी करावी, स्वस्त विद्यापीठ पाहावे, किंवा येथे एक-दोन वर्षे नोकरी करून मग जावे.

हा हिशेब मुलासमोर बसून मांडावा. त्याच बैठकीत त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे, की परत यावे लागले तर घराचे दार उघडे आहे आणि पेढीवर जागा आहे. विमानतळावर हार घालताना हे सांगायचे राहून जाते. मग नव्वदातील ऐंशीवा दिवस उजाडतो, नातेवाईक काय म्हणतील या धास्तीने मूल फोन उचलण्याचे टाळू लागते, आणि काहीतरी बिघडले आहे हे घरच्यांना तेव्हा कुठे जाणवते. सहामाही शुल्क भरताना बँकेच्या कागदांबरोबर एक साधा कागद ठेवावा. त्यावर खर्च किती झाला, तब्येत कशी आहे आणि पुढची अडचण कोणती, या तीन ओळी मुलाने लिहाव्यात आणि तशाच तीन ओळी घरच्यांनी त्याला लिहून पाठवाव्यात.