चौदा सेकंद उशिरा

मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री मी हॉस्टेलच्या खोलीत एकटीच मोठ्याने बोलत बसले होते. ‘या कार्डावर जशी नक्षी आहे, तशीच या ठोकळ्यांनी जुळवा.’ भाटिया बॅटरी या बुद्धिमत्ता चाचणीचं मॅन्युअल इंग्रजीत आहे आणि माझ्या सब्जेक्ट, म्हणजे चाचणी देणाऱ्या, होत्या आमच्या मेसच्या मावशी. वय अठ्ठेचाळीस, शाळा दुसरीपर्यंत. सूचना आयत्या वेळी मराठीत करायला गेलं की प्रत्येक कार्डाला शब्द बदलतात, आणि शब्द बदलला की चाचणी बदलते. म्हणून वाक्यं आधी लिहून पाठ करायची, हे मी एम.ए.च्या पहिल्या वर्षात एकदा तोंडघशी पडून शिकले.

तरीही ‘नक्षी’ शब्दाने गडबड केलीच. मावशींनी पहिलं कार्ड हातात घेतलं आणि रांगोळीकडे बघावं तसं चारही बाजूंनी फिरवून पाहिलं. ठोकळ्यांच्या काही बाजू एकरंगी असतात, काही तिरक्या रेघेने दोन रंगांत विभागलेल्या. त्यांनी अचूक जुळवणी केली, पण कोपऱ्यावर उभी. मला तेव्हा काहीच सांगता येत नव्हतं. घड्याळ चालू होतं.

मानसशास्त्र म्हणजे समोरच्याशी छान बोलणं, असं मला बारावीपर्यंत वाटायचं. पाच वर्षांत सगळ्यात जास्त सराव गप्प बसण्याचा झाला. आधी रॅपो जमवायचा. मी मावशींशी पोळ्यांबद्दल, त्यांच्या नातवाबद्दल दहा मिनिटं बोलले, त्यांचा अवघडलेपणा गेला. पण स्टॉपवॉच दाबल्यावर चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. बरोबर जमलं तरी ‘वा’ म्हणायचं नाही, चुकतंय असं दिसलं तरी भुवई हलवायची नाही. ‘बरं, आता पुढचं बघू,’ एवढंच.

दुसरा भाग पास-अलाँगचा. उथळ डबा, एक कड लाल, समोरची निळी. आत लाल-निळे तुकडे उलट बाजूंना लावलेले असतात. ते न उचलता, नुसते सरकवून आपापल्या रंगाच्या कडेला न्यायचे. मावशी अंगठ्याने तुकडा ढकलत होत्या, लाटीला पीठ लावताना ढकलतात तसा. सहाव्या कार्डाला तीन मिनिटांची मुदत. अडीच मिनिटं झाली तेव्हा सगळं अडकलेलं होतं. मग त्यांनी एक निळा तुकडा मागे घेतला, जवळ आलेला मुद्दाम लांब नेला, आणि वाट मोकळी झाली. ते बघताना माझ्याच छातीत धडधडत होतं. तीन मिनिटं झाली. ‘थांब गं, झालंच,’ त्या म्हणाल्या. तीन मिनिटं चौदा सेकंदांनी शेवटचा लाल तुकडा जागेवर बसला.

मॅन्युअलप्रमाणे गुण शून्य.

मी मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, ‘शून्यच लिही. पण निरीक्षणात लिही, वेळ संपल्यावर किती सेकंदांनी आणि कसं सोडवलं.’ जर्नलमध्ये सब्जेक्टची फक्त आद्याक्षरं असतात. त्या आद्याक्षरांखाली मी दीड पान निरीक्षण लिहिलं. आकडा काढायला लागली एक ओळ. सी. एम. भाटियांनी ही चाचणी उत्तर प्रदेशातल्या ११ ते १६ वर्षांच्या मुलांवर बसवली आणि १९५५ साली प्रसिद्ध केली. शिकलेल्या मुलांसोबत निरक्षर मुलंही त्यांनी घेतली, ही त्यांची मोठी दृष्टी होती. पण त्या मुलांच्या गुणांवरून ठरवलेल्या नॉर्म्सवर परभणीकडून पुण्यात आलेल्या एका आजीला मोजून मी काय सांगणार? लहान मुलांसाठी तर आपण अजून त्याहून जुनी बिने-कामत बुद्धिमत्ता चाचणी वापरतो. ती डॉ. कामतांनी १९३०च्या दशकात धारवाडकडच्या मराठी आणि कानडी मुलांवर प्रमाणित केली होती.

मला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचंय. त्यासाठी एम.ए. पुरत नाही, भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेत पुढचं प्रशिक्षण आणि मग परिषदेची नोंदणी लागते. जागा मोजक्या, प्रवेश परीक्षा अवघड. वर्गातल्या काहीजणी एच.आर.कडे वळल्या, काही शाळांत समुपदेशक होतील. दोन्ही कामं गरजेची आहेत. मला मात्र चाचणीच्या टेबलाशीच बसायचंय, आणि तेही जिल्ह्याच्या ठिकाणी. बौद्धिक अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी मुलाचा बुद्ध्यांक काढतात. सत्तरच्या अलीकडे की पलीकडे, यावर त्या घराचं बरंच काही ठरतं. तिथे मूल बंजारा बोलीत विचार करत असेल, आणि तपासणाऱ्याला दिवसभरात वीस मुलं उरकायची असतील, तर चौदा सेकंद कोण लिहून ठेवणार? मराठवाड्यातल्या मुलांवर बसवलेले ताजे नॉर्म्स हवेत, बोलीतल्या सूचना हव्यात. हे काम किचकट आहे, त्याला वर्षं लागतात, आणि मला ते करायचंय.

चाचणी संपल्यावर मावशींनी विचारलं होतं, ‘पास झाले का गं मी?’ यात पास-नापास नसतं, हे मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. त्यांना ते पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताटात भाजी वाढता वाढता त्या हळूच म्हणाल्या, ‘तो लाल-निळा डबा परत आणशील का? रात्री पडल्या पडल्या मनात सरकवत होते. आता लवकर होईल.’

‘नाही आणता येणार, मावशी,’ मी म्हटलं. ‘एकदा बघितलेला लगेच परत देत नाहीत.’

त्यांनी मान हलवली आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी टाकली.