पहिले वर्ष आणि अभ्यासाची भाषा



प्रथम वर्षाची पुस्तके घरी आल्यावर सुरुवातीच्या काही आठवड्यांत अनेकांना एकच अनुभव येतो. पान मराठीतच असते, बहुतेक शब्दही ओळखीचे असतात. पण परिच्छेद संपल्यावर हाती फारसे काही लागत नाही. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून आलेला कामगार असो, की पोलादपूरकडच्या वाडीत भातलावणी उरकून दिव्याखाली पुस्तक उघडणारी गृहिणी असो, दोघेही स्वतःविषयी एकाच निष्कर्षाला येतात : शाळा सुटून फार वर्षे झाली, आता हे आपल्याला जमायचे नाही. संपर्क सत्रांत हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे. ते म्हणणारे काही विद्यार्थी पुढच्या सत्राला येतच नाहीत. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. येथे बुद्धी कमी पडलेली नसते. भाषेचे एक अपरिचित रूप समोर आलेले असते.

एक उदाहरण घेऊ. महाडजवळ सावित्रीच्या काठी सव येथे उन्हाळी, म्हणजे गरम पाण्याची कुंडे आहेत. त्यांविषयी घरात कोणी असे बोलेल : ‘सवला जमिनीतनं कढत पानी येतं. त्यात आंघोळ केली की खरूज जाते म्हनतात.’ हीच माहिती अभ्यासपुस्तकात अशी येईल : ‘सव येथे उष्ण पाण्याचे झरे असून त्यांतील स्नानाने त्वचाविकार बरे होतात, असा स्थानिक समज आहे.’

दोन्ही विधानांत काय बदलले ते बारकाईने पाहा. ‘आंघोळ केली की’ या क्रियेचे ‘स्नानाने’ असे नाम झाले. ‘खरूज’ या एका विकाराऐवजी ‘त्वचाविकार’ ही व्यापक संज्ञा आली. दोन वाक्ये ‘असून’ने जोडली गेली. नामे वाढली की वाक्य दाट होते आणि वाचताना दम लागतो, तो येथेच. पण ‘म्हनतात’ या एका शब्दाकडे विशेष लक्ष द्या. ‘हे मी ऐकले आहे, याची खात्री मी देत नाही’, असे बोलणारा त्यातून सांगतो. ‘असा स्थानिक समज आहे’ या शब्दसमूहाचे कार्यही नेमके तेच आहे. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवणे हा संशोधनाचा पहिला नियम, आणि तो आपल्या बोलीला आधीच ठाऊक आहे. विद्यापीठात तुम्हांला विचार करणे नव्याने शिकायचे नाही. त्याची लेखी रूपे तेवढी शिकायची आहेत.

(‘पानी’ म्हणणाऱ्याला हसणाऱ्यांसाठी : मूळ संस्कृत शब्द ‘पानीय’ असा आहे. त्यातील ‘न’चा ‘ण’ पुढे प्राकृतात झाला आणि अनेक बोलींत त्या ‘ण’चा पुन्हा ‘न’ झाला.)

जिम कमिन्स या अभ्यासकाने १९७९ मध्ये रोजच्या संभाषणाची भाषा आणि शिक्षणाची भाषा यांत भेद केला. कॅनडात स्थलांतरित झालेल्या मुलांना बोलण्यापुरती इंग्रजी साधारण दोन वर्षांत येते, परंतु अभ्यासाच्या भाषेत सोबत्यांची बरोबरी करण्यास पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो, असे त्याला आढळले. ती मुले परभाषा शिकत होती, आपण मराठीतच शिकतो, हे खरे. पण फ्रान्समध्ये बूर्दिए आणि पासरों यांनी १९६५ मध्येच दाखवून दिले होते की, विद्यापीठीय भाषा ही कोणाचीच मातृभाषा नसते. काहींचे घर तिच्या जवळ असते, काहींचे दूर, एवढेच. महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय १९६१ मध्ये सुरू झाले. नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. म्हणजे या खोऱ्यातील कित्येक घरांत पदवीची पुस्तके पहिल्यांदाच उघडली जात आहेत. अंतर अधिक आहे, ते त्यामुळे.

हे अंतर सर्वाधिक जाणवते ते प्रश्नपत्रिकेत. मी स्वतः प्रथम वर्षाला असताना एका कादंबरीतील नायिकेच्या व्यक्तिरेखेची ‘चर्चा करा’ असा प्रश्न आला होता. मी चार पाने कथानक लिहिले. कादंबरी मला जवळजवळ पाठ होती. गुण मिळाले वीसपैकी सहा, आणि का, ते कोणी सांगितले नाही. ‘चर्चा करा’ याचा अर्थ एकाहून अधिक बाजू मांडा, प्रत्येकीला पुस्तकातील आधार द्या आणि शेवटी आपला कल सांगा, हे मला बऱ्याच उशिरा उमगले. ‘विशद करा’ म्हटले की मुद्दा उलगडून उदाहरणासह सांगायचा असतो; तेथे दोन बाजूंची अपेक्षा नसते. ‘टीप लिहा’ म्हणजे थोडक्यात, नेमके. हे शब्द कोठेच समजावून दिले जात नाहीत, याला मी आपल्या शिक्षणव्यवस्थेची उणीव मानतो.

नियमित महाविद्यालयात शेजारच्या बाकावरून विचारता येते; दूरशिक्षणात ती सोय नाही. म्हणून अवघड परिच्छेद मोठ्याने वाचा. मग पुस्तक मिटून तो घरातल्या कोणाला तरी आपल्या बोलीत सांगा. जेथे अडखळाल, तेवढाच भाग समजलेला नाही असे धरा आणि त्यावर खूण करा. त्यानंतर बोलीत सांगितलेले तेच पुन्हा लेखी मराठीत उतरवा. पाचसहा ओळी पुरेत. वेळ रात्रीचाच मिळत असेल, तर अर्धा तास चालेल, पण तो रोजचा असावा. खुणा केलेली पाने संपर्क सत्राला घेऊन या. ‘काहीच समजले नाही’ असे म्हणणाऱ्याला समंत्रक फार थोडी मदत करू शकतो. ‘या पानावरची ही तिसरी ओळ समजली नाही’ असे म्हणणाऱ्याला पुष्कळ.

या घटकाचा गृहपाठ : आपल्या गावातील एखादे पाण्याचे ठिकाण, सण किंवा काम घ्या. त्याविषयी घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीने सांगितलेली चार वाक्ये जशीच्या तशी उतरवा. त्याखाली तीच माहिती लेखी मराठीत लिहा आणि काय काय बदलले, ते स्पष्ट करा.